ओरखडा आणि उशीर

धानाचं पान कापतं, हे झाडीपट्टीतल्या पोराला शाळेत जाण्याआधीच कळतं. धानाचं रोप जमिनीतलं सिलिका भरपूर उचलतं. वाळलेल्या पानाच्या वजनाचा दहावा भागसुद्धा सिलिका असू शकतो, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं तेच द्रव्य. पानाच्या कडेला त्याचे बारीक दाते तयार होतात, किडीला पान खाताना जड जावं अशी ती धानाची सोय. रोवणीच्या वेळी हिरवं पान पोटरीला चरचरतं आणि माणूस विसरून जातो. कापणीपर्यंत मात्र पान वाळून कडक झालेलं असतं, आणि उभं धान सहा-सात वर्षांच्या पोराच्या नेमकं तोंडाशी येतं. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे चंद्रपूरचे पूर्वेकडचे तालुके आणि वैनगंगेपलीकडे वडसा-आरमोरीपासून कुरखेडा-कोरचीपर्यंतचा गडचिरोलीचा मुलूख, हा सगळा धानाचाच. दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे वाण निवडून काढलं ते नागभीड तालुक्यातल्याच नांदेड गावी. दिवाळीच्या सुट्ट्या आणि कापणी बरोबरच येतात, त्यामुळे पोरं बांधीत असतातच. भारे वाहताना, धान चुरताना, नुसतं धुऱ्यावरून पळताना पान डोळ्याला लागतं.

कॉन्टॅक्ट लेन्सच्या प्रकरणाची सुरुवात बांधीतून करण्याला कारण आहे. चंद्रपुरात शिकवणीला जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यातली लेन्स आणि कोरचीकडच्या पोराच्या डोळ्याला लागलेलं पान यांतून उद्भवणारा आजार एकच आहे. डॉक्टर त्याला केराटायटिस म्हणतात. आपण त्याला बुबुळावरचा व्रण म्हणू. तो बरा झाला तरी मागे पांढरा डाग ठेवून जातो, आणि मग गाव म्हणतं, पोराच्या डोळ्यात फूल पडलं. दोन्ही ठिकाणी समजही एकच असतो, की कुठूनतरी जहाल जंतू आला आणि त्याने डोळा नेला. खरं पाहता जंतू सगळीकडेच असतात, पापणीवर, नाकात, नळाच्या पाण्यात, धानाच्या पानावर. डोळा जातो तो आधी पडलेल्या ओरखड्याने आणि नंतर झालेल्या उशिराने. जंतू बिचारा मिळालेल्या वाटेने आत शिरतो, इतकंच.

ज्या पडद्यावर हे सगळं घडतं तो किती पातळ असतो याचं मोजमाप विदर्भातच झालेलं आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले गेले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने झालेला हा अभ्यास ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ म्हणून जगभरच्या नेत्रवैद्यकात ओळखला जातो. त्यात पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, मध्यावरची सरासरी जाडी भरली ५१४ मायक्रॉन. अर्ध्या मिलिमीटरला थोडीच जास्त. त्यातही सर्वांत बाहेरचं अस्तर पाच-सात पेशींच्या थरांचं. या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की धडधाकट अस्तरातून बहुतेक जिवाणूंना आत शिरताच येत नाही. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर पडदा पारदर्शक राहिला नसता. म्हणून त्याला लागणारा प्राणवायू तो थेट हवेतून, अश्रूंत विरघळलेला, घेतो. शरीरातला हा भाग श्वास बाहेरून घेतो म्हटलं तरी चालेल, आणि लेन्सचं सगळं भांडण पुढे इथेच सुरू होतं.

अश्रू नुसतं पाणी नव्हे. अलेक्झांडर फ्लेमिंगचं नाव आपण पेनिसिलिनसाठी घेतो, पण त्याच्या कितीतरी आधी, १९२२ मध्ये, त्याने लायसोझाइम हे द्रव्य जगापुढे मांडलं होतं. जिवाणूंची भिंत फोडणारं हे द्रव्य नाकाच्या शेंबडात, लाळेत आणि सर्वांत जास्त अश्रूंत सापडलं. प्रयोगाला अश्रू कमी पडू लागले तेव्हा फ्लेमिंगने प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळलं. विज्ञानासाठी रडण्याचा हा प्रकार आज कुठल्या नीतिसमितीने मंजूर केला असता कोण जाणे. अश्रूंत लॅक्टोफेरिनही असतं. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, ते लोह हे द्रव्य आधीच बांधून टाकतं. आणि मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी हे सगळं पुसून नाकाकडच्या कोपऱ्यातल्या नळीत ढकलते. ती नळी तुंबली की त्या जागी पू साचतो, त्याला लासरू म्हणतात. लासरू असलेल्या डोळ्याला साधा ओरखडाही महागात पडतो, कारण न्यूमोकॉकससारखे जंतू तिथे आधीच दबा धरून असतात.

पापणीचं मोल वरोऱ्याच्या आनंदवनाशिवाय चांगलं कुठे कळणार? बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली तेव्हा कुष्ठरोगावर आजच्यासारखा बहुविध औषधोपचार नव्हता. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही, आणि दुसरी नस गेली की पारपटल बधिर होतं. डोळ्यात कण गेलेला कळत नाही, झोपेतही डोळा उघडा, अश्रू पसरत नाहीत. मग पडदा सुकतो, फाटतो आणि एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूसुद्धा त्याला पोखरू लागतात. म्हणून कुष्ठरोग्याला मुद्दाम आठवण ठेवून पापण्या मिटण्याचा व्यायाम शिकवतात आणि झोपताना डोळा झाकायला सांगतात. डोळ्यातली खुपणारी, चुरचुरणारी वेदना हा आपला पहारेकरी आहे. ती बंद करणारी औषधं दुकानातून आणून डोळ्यात टाकायला डॉक्टर का विरोध करतात, हे इथे समजतं.

निरोगी डोळ्यात जिवाणू नसतातच असं मात्र नाही. तोंडाच्या किंवा कातडीच्या मानाने अगदी थोडे, पण असतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा कातडीवरचा जुना भाडेकरू पापणीच्या कडेने आत-बाहेर करतो, कॉरिनेबॅक्टेरियम जातीचे जिवाणूही राहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवर दाखवलं की डोळ्यात वस्ती करून राहणारा अशाच जातीचा एक जिवाणू तिथल्या रोगप्रतिकारक पेशींना सतत जागं ठेवतो, आणि तो असेल तर कॅन्डिडा ही बुरशी आणि सुडोमोनास हा जिवाणू हे दोन्ही शत्रू सहज पाय रोवू शकत नाहीत. माणसाच्या डोळ्यात हुबेहूब असंच होतं असं म्हणण्याची घाई करू नये. पण उठल्यासुटल्या जंतुनाशक थेंब टाकून डोळा ‘साफ’ करण्याच्या हौसेला यातून चाप बसायला हरकत नाही.

डोळ्यांतले जिवाणू म्हटलं की एकेकाळी आपल्याकडे दोनच गोष्टी समोर यायच्या. एक, तान्ह्या बाळाचे जन्मानंतर लगेच पुवाने चिकटलेले डोळे. आईच्या जननमार्गातले जंतू जन्मताना बाळाच्या डोळ्यांत जातात. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे याने १८८० च्या सुमारास बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि युरोपातल्या अंधशाळांत येणारी मुलं कमी झाली. दुसरी खुपरी. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूने होणारी, मुलांकडून मुलांकडे हात, फडकी आणि माश्यांमार्फत जाणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपरी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याची मोहोर उमटवली. ती बातमी पहिल्या पानाची होती.

आता लेन्स. डोळ्यावर काचेची टोपी बसवण्याचा उद्योग झ्युरिकच्या अडोल्फ फिकने १८८८ मध्येच केला होता, पण ती काच काही तासांपलीकडे सहन होत नसे. आज मुलं वापरतात ती मऊ लेन्स प्रागच्या ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाची. सरकारी संस्थेने प्रकल्पावरून हात काढून घेतल्यावर १९६१ च्या नाताळात त्याने घरातल्या टेबलावर मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून फिरतं यंत्र बनवलं आणि त्यावर पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकच्या पहिल्या लेन्स ओतल्या. अमेरिकेत त्या १९७१ मध्ये बाजारात आल्या.

मऊ लेन्स डोळ्याला टोचत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. ती विसरता येते. डोळ्यात ठेवून झोपता येतं. लेन्सखाली अश्रूंचा पातळ थर अडकतो आणि पापणी लवली तरी तो फारसा बदलत नाही. नाल्याचं वाहतं पाणी आणि बांधीत साचलेलं पाणी यांत जो फरक, तोच उघड्या डोळ्यातल्या आणि लेन्सखालच्या अश्रूंत. त्यात पारपटलाला हवा कमी मिळते आणि अस्तरावर नजरेला न दिसणारे चरे पडतात. रात्री डोळा मिटला की हवेचा उरलासुरला पुरवठाही घटतो. १९८९ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. मऊ लेन्स फक्त दिवसा वापरणाऱ्या दहा हजार जणांत वर्षाला चौघांना व्रण होतो, आणि रात्रीही डोळ्यात ठेवणाऱ्या दहा हजारांत एकवीस जणांना. पुढे जास्त हवा जाऊ देणाऱ्या सिलिकॉनच्या लेन्स आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. रात्रीचा धोका काही गेला नाही. म्हणजे हवा हे एकच कारण नव्हतं, साचलेपण हेही होतं.

न्यूयॉर्कमध्ये मारिया ग्लोरिया डोमिंग्वेझ-बेलो यांच्या गटाने २०१६ मध्ये लेन्स वापरणारे आणि न वापरणारे यांच्या डोळ्यांतल्या जिवाणूंची यादी केली. अभ्यास लहानसा, वीस माणसांचा. लेन्सवाल्यांच्या डोळ्यांतली वस्ती कातडीवरच्या वस्तीसारखी होत चाललेली दिसली, आणि त्यात सुडोमोनास, असिनेटोबॅक्टर यांचा वाटा जास्त होता. बोटांनी लेन्स रोज आत-बाहेर होते, तेव्हा बोटांवरची मंडळीही आत जाणार, यात नवल नाही. सुडोमोनासची गोष्ट मात्र वेगळी. हा जिवाणू ओल असेल तिथे राहतो, मोरीत, टाकीत, लेन्सच्या डबीत. डबीच्या आतल्या बाजूला तो स्वतःभोवती चिकट आवरण विणतो, आणि त्या आवरणाआड सोल्यूशनचंही त्याच्यापुढे फारसं चालत नाही. अस्तराला चीर मिळाली की तो पडदा विरघळवणारी विकरं सोडतो. दोन दिवसांत पारपटलाला भोक पाडण्याची त्याची ताकद आहे.

सोल्यूशनवर विसंबून राहू नये, हे २००६ ने शिकवलं. सिंगापूर, हाँगकाँग आणि मग अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युजॅरियम बुरशीचे व्रण अचानक वाढले. तपास बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ या सोल्यूशनपर्यंत पोचला, आणि त्या वर्षी मे महिन्यात ते जगभरातून परत मागवलं गेलं. गंमत म्हणजे फ्युजॅरियम ही शेतातली बुरशी. धानाच्या पानावरून शेतकऱ्याच्या डोळ्यात जाणारी हीच ती, फक्त सिंगापुरात ती बाटली-डबीच्या वाटेने आली. कालचं सोल्यूशन फेकून न देता त्यावरच थोडं नवं ओतणं ही सवय त्या साथीत नडली. आपल्याकडे सोल्यूशनच्या बाटलीची किंमत पाहता ती सवय किती घरांत असेल, याचा अंदाज कुणीही करावा.

याहून वाईट अकॅन्थमीबा. हा जिवाणू नव्हे, एकपेशी प्राणी. विहीर, टाकी, नळ, तलाव, कुठेही असतो. प्रतिकूल काळात स्वतःभोवती कवच घालून बसतो, आणि ते कवच नळातल्या क्लोरीनला दाद देत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाइन करण्याची टूम निघाली होती, त्यातून याचे रुग्ण वाढले. बोअरवेलचं पाणी कितीही नितळ असो, लेन्सला ते लागता कामा नये. आंघोळ लेन्स काढून. वैनगंगेत किंवा तळ्यात डुंबणंही.

मग मुलांना लेन्स द्यावीच का? इथे आकडे पालकांच्या अंदाजाच्या उलट जातात. आठ ते बारा वर्षांची मुलं लेन्सच्या बाबतीत मोठ्या मुलांपेक्षा आणि विशीतल्यांपेक्षा कमी दुखणी करून घेतात. लहानांचं वापरणं आईबाप डोळ्यात तेल घालून पाहतात, आणि डोळ्यात तेल घालण्याचा उपयोग होतो तो बहुधा एवढाच. पंधराव्या वर्षी मुलगी स्वतः लेन्स घालते, स्वतः काढायला विसरते, अभ्यास करता करता तशीच झोपते, मैत्रिणीची रंगीत लेन्स लग्नात घालून पाहते. धोका वयात नाही, मोकळीक मिळाल्यानंतरच्या सवयींत आहे. म्हणून बारा वर्षांच्या जबाबदार मुलाला लेन्स नाकारणारे आणि सोळा वर्षांच्या मुलीला नेत्रतपासणीशिवाय दुकानातून रंगीत लेन्स घेऊ देणारे पालक मला सारखेच गोंधळलेले वाटतात.

हा प्रश्न आता टाळता येणार नाही, कारण मुलांत लेन्सचं प्रमाण वाढणार आहे. लघुदृष्टीचा नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास लेन्सना अमेरिकेत २०१९ मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. रात्री घालून सकाळी काढायच्या, पारपटलाला दाबून आकार देणाऱ्या कडक लेन्सही याच कामासाठी वापरतात. त्या पूर्व आशियात लोकप्रिय झाल्या आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मुलांमध्ये सुडोमोनास आणि अकॅन्थमीबाच्या व्रणांची रांग लागली. रात्रीची लेन्स म्हटल्यावर ते व्हायचंच. नंबर वाढू नये यासाठी मुलांनी रोज दोन तास उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात घालवावेत हा उपाय फुकट आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो दुपारी सांगणाऱ्याला मात्र आधी उन्हात उभं करावं. पारा ४७ च्या आसपास, वीजकेंद्र आणि उघड्या कोळसाखाणींची धूळ, त्यात वाळकं वारं. घुग्घुस-बल्लारपूरकडे राहणाऱ्या मुलाने लेन्स वापरायची ठरवली तर रोज नवी घालून रात्री फेकून द्यायचीच बरी. डबीही नको आणि सोल्यूशनही नको.

अशाच गरम, कोरड्या, धुळीच्या प्रदेशात मुलांना एक ॲलर्जी होते. डोळे लाल, प्रचंड खाज, दोरीसारखा चिकट स्राव. पोरं मुठीने डोळे चोळत बसतात आणि वर्षानुवर्षं चोळून काहींचं पारपटल शंकूसारखं पुढे येतं. मग अशा मुलांना दृष्टी मिळायला कडक लेन्सच लागते. म्हणजे ज्या डोळ्याला लेन्स सर्वांत जास्त हवी, तोच डोळा लेन्ससाठी सर्वांत वाईट. खाजेवर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. एक-दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून बाटली घरात जपून ठेवली जाते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा अशा बाटल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरल्या असतील तर नवल नाही. बुरशीच्या व्रणावर स्टेरॉइड म्हणजे जखमेवरचा पहाराच उठवणं. डोळ्याला पान, काडी, कचरा लागला असेल तर या बाटलीला हात लावू नये. या पुस्तकातली एकच ओळ एखाद्या वाचकाने भिंतीवर लिहून ठेवायची असेल तर ही ठेवावी.

घरगुती उपायांत आईचं दूध आहे, मध आहे, गोमूत्र आहे, कुठे पाल्याचा रस. गावातली एखादी म्हातारी जिभेच्या टोकाने डोळ्यातला कचरा काढून देते, हे ग्रामीण भारतात अनेक ठिकाणी चालतं. कचरा निघतोही. त्याबरोबर तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस ताज्या ओरखड्यावर बसतात. रुईचा चीक तर डोळ्याला जाळतोच. या उपायांवर हसण्यात अर्थ नाही, जवळ दुसरं काही नसतं तेव्हा माणूस हाताशी असेल ते करतो. नुकसान दुधाने किती होतं हा वादाचा मुद्दा आहे, पण त्यात जाणारे दोन दिवस कुठल्याही जंतूपेक्षा महाग पडतात.

त्या दोन दिवसांचा हिशोब नेपाळमध्ये झाला. काठमांडूच्या शेजारी भक्तपूर जिल्ह्यात मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३५ हजार लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी डोळ्याला ओरखडा झालेल्या माणसाला क्लोरॅम्फेनिकॉलचं एक टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. आपल्याकडे हेच औषध क्लोरोमायसेटिनच्या इवल्याशा ॲप्लिकॅपमध्ये मिळत आलं आहे. असे ४४२ ओरखडे नोंदले गेले. पहिल्या अठरा तासांत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना झाला. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आलेल्या ४९ पैकी चौदा जणांना. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. औषध तेच, माणसं तीच, गावं तीच. बदलला तो फक्त उशीर.

मदुराईतल्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या आकड्यांशी हे ताडून पाहिलं की धोका किती मोठा हे कळतं. मदुराई जिल्ह्यात १९९३ च्या सुमारास दर लाख लोकांमागे वर्षाला ११३ जणांना पारपटलाचा व्रण होत होता. अमेरिकेतल्या मिनेसोटात हाच आकडा ११ होता. मदुराईच्या रुग्णांत शेतातली इजा हे मोठं कारण, आणि जिवाणू व बुरशी यांची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी. झाडीपट्टीचं पीक, हवा, कामाच्या पद्धती बऱ्याच अंशी तशाच आहेत. त्यात भर अंतराची. गडचिरोलीचा साधारण सत्तर टक्के भाग जंगल. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरांहून लांब, आणि रोवणीच्या ऐन दिवसांत पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. अठरा तास इथे नकाशावरच संपतात.

म्हणून मलम गावातच असायला हवं, आणि ते कुणाच्या हातात द्यायचं याचं उत्तर गडचिरोलीने आधीच दिलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला जंतुदोष झाला हे ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंत. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना आपली मतं बदलावी लागली. देशभरच्या आशाताई आज घरोघरी जाऊन बाळाच्या डोळ्यांत पू आहे का हेही पाहतात. जिला एवढ्याशा बाळाला सुई देता येते, तिला ओरखड्यावर मलम लावता येणार नाही, हे कुणी म्हणू नये.

भक्तपूरचा निकाल मात्र जसाच्या तसा उचलता येत नाही. नेपाळमध्येच पुढे काही भागांत आरोग्यस्वयंसेविकांना मलम देऊन आणि काहींत न देता अशी रीतसर तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि एकूण व्रणांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मला त्याचा अर्थ असा दिसतो की मलम पोचलं, ओरखडा झालेली सगळी माणसं पोचली नाहीत. डोळ्याला काही लागलं तर त्याच संध्याकाळी आशाताईकडे जायचं, दुखत नसलं तरी जायचं, हे लोकांत रुजवणं ट्यूब वाटण्यापेक्षा अवघड काम आहे.

मुलांच्या डोळ्यांत अस्तर उडवणारी आणखी एक गोष्ट या दोन जिल्ह्यांत घरोघर सापडते. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा प्रकार सोडवण्यासाठी गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ची मोहीम चालू आहे. त्यातला चुना पुडीत किंवा ट्यूबमध्ये मिळतो. पोराच्या हातात पुडी पडली, त्याने दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात उडाला, असे रुग्ण भारतातल्या नेत्ररुग्णालयांत नेहमीचे आहेत. चुना आम्लापेक्षा वाईट, कारण तो आत आत मुरत जातो. इथे अठरा तास नाहीत, अठरा मिनिटंही नाहीत. पापण्या उघडून भरपूर पाणी, अर्धा तास, मूल कितीही रडलं तरी. पापणीच्या आतला चुन्याचा खडा ओल्या कापडाने काढायचा आणि मगच गाडी शोधायची. आत्तापर्यंत लेन्स असलेल्या डोळ्याला नळाचं पाणी लागू देऊ नका असं सांगत आलो. चुना उडाल्यावर मात्र ते विसरायचं.

ओरखडा असताना डोळा लाल होतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. बुबुळावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसू लागला, की मलमाची वेळ गेली आणि नेत्रतज्ज्ञाची आली. ओरखडा साध्या डोळ्यांनी दिसत नाही. फ्लुओरेसिन लावलेली नारिंगी कागदाची पट्टी डोळ्याला टेकवून निळा उजेड टाकला की अस्तर उडालेली जागा हिरवी चमकते. चंद्रपूर, सेवाग्राम किंवा नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टर व्रणावरचा पापुद्रा खरवडून काचपट्टीवर घेतात आणि आधी ठरवतात की हा जिवाणू की बुरशी. दोन्हींची औषधं वेगळी, आणि चुकीचं औषध म्हणजे पुन्हा उशीर. जिवाणू असेल तर पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. बुरशी असेल तर नॅटामायसिन, आणि तेही कित्येक आठवडे. २०१३ मध्ये अरविंदच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीत महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा हे जुनं औषधच सरस ठरलं, विशेषतः फ्युजॅरियमवर. शेतमजुराच्या खिशासाठी ही बरी बातमी.

मोठ्या माणसाच्या डोळ्यातलं फूल म्हणजे धूसर नजर. सात-आठ वर्षांखालच्या मुलात गोष्ट तिथे थांबत नाही. त्या वयात मेंदू पाहायला शिकत असतो. एका डोळ्यातून धूसर चित्र येत राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो, आणि पुढे पडदा बदलून स्वच्छ केला तरी ती नजर पूर्ण परत येत नाही. पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया १९०५ पासून होत आली आहे, पण मुलांच्या शरीरात नवा पडदा नाकारला जाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त. मुलांचे टाकेही लवकर सैल होतात. सैल टाका म्हणजे जंतूंना नवी वाट, म्हणून तो दिसल्याबरोबर काढावा लागतो, लहान मूल असेल तर भूल देऊन. त्यासाठी पहिल्या वर्षात नेत्ररुग्णालयाच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा होतात, आणि प्रत्येक फेरीला आईबापांपैकी एकाची मजुरी बुडते.